परदेशातले झाडाझुडपांचे कॅफे आणि तिथला ब्रंच : कुठे जावं, कुठे पैसे घालवू नयेत

पारिजातक_म्युनिक

नमस्कार मंडळी. हल्ली परदेशात गेलेला प्रत्येक जण झाडांनी भरलेल्या कॅफेतला फोटो टाकतो. वरून लोंबणारे मनीप्लांट, मागे मॉन्स्टेराची भोकाभोकांची पानं, पुढ्यात अवोकाडो टोस्ट. मीपण टाकते, उगाच सोवळेपणा नको. पण माझं एक मत झालंय आणि त्यावर भांडायलाच हा धागा काढतेय. असले कॅफे थंड देशात आणि तेही ऐन थंडीतच करावेत. बाली, बँकॉक, सिंगापूरला त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

निमित्त सांगते. फेब्रुवारीत आईबाबा आले होते तेव्हा म्युनिकहून ट्रेनने व्हिएन्नाला गेलो, चारेक तासांत पोचतो, आणि एका सकाळी उशिरा बर्गगार्टनमधल्या पाल्मेनहाउसला जाऊन बसलो. बर्गगार्टन म्हणजे हॉफबुर्ग राजवाड्यामागची बाग, पूर्वी बादशहाची खाजगी होती, १९१९ पासून सगळ्यांना खुली. तिच्या कडेला हे लोखंड आणि काचेचं लांबलचक पामघर आहे, फ्रीडरिश ओहमान नावाच्या आर्किटेक्टने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं. मधल्या भागात कॅफे, एका बाजूच्या भागात फुलपाखरांचं घर.

बाहेर काय तर झाडांचे खराटे, राखाडी आभाळ, बाबांनी मफलर कानाला गुंडाळलेला. आणि दार ढकलून आत गेलं की दोन मजली घर मावेल इतकं उंच काचेचं छत, त्याखाली पाम, आणि उजेड. कसला उजेड! आठवडाभर घरात दिवे लावून बसलेल्या माणसालाच त्या उजेडाची किंमत कळेल. आईने आधी स्वेटर काढला, मग शाल काढली, मग म्हणाली आता इथेच बसू, म्युझियम राहू दे. पुढचे दोन तास आम्ही कोणीही हललो नाही.

खाणं साधंच घेतलं. सेमेल म्हणजे इथले गोल कुरकुरीत पाव, लोणी, जर्दाळूचा जॅम, बाबांना ग्लासात फोडून दिलेली अर्धकच्ची उकडलेली अंडी, आणि मेलांज, म्हणजे फेसाळ दूध घातलेली कॉफी. यातलं काहीही जगावेगळं नाही आणि हेच मला म्हणायचंय, असल्या ठिकाणी आपण खुर्चीचे पैसे देतो, खाण्याचे नाही. तेवढं डोक्यात ठेवून गेलं तर वसूल.

तुमचे अनुभव लिहा. कोणी गरम देशातला एखादा कॅफे खरंच चांगला होता म्हणत असेल तर पुराव्यासकट लिहा :)

वेंगुर्ल्याचो_झील

पारिजातकताई, वाईट वाटून घेऊ नका पण मॉन्स्टेरा बघायला व्हिएन्ना? आमच्या मागीलदारी तो माडावर चढून बसलाय, पान एवढं की पावसात पोरं डोक्यावर धरतात. मनीप्लांट तर विचारूच नका, एकदा कुंपणाला लागला की कोयता घेऊनच बसावं लागतं. त्याच्याखाली बसून आम्ही रोज सकाळी घावणे आणि चाय घेतो, कोणी बिल आणून देत नाही. हां, आई हाक मारते नारळ सोलायला, तेवढी सर्व्हिस द्यावी लागते.

पारिजातक_म्युनिक

@वेंगुर्ल्याचो_झील अहो मी तेच तर म्हणतेय! ज्याच्या मागीलदारी आहे त्याने नाहीच जायचं. ज्याला ऑक्टोबर ते मार्च हिरवं पान दिसत नाही त्याच्यासाठी आहे ते. (घावण्यांचा उल्लेख मुद्दाम केलात ना? इथे फेब्रुवारीचा पाऊस पडतोय हो.)

नर्सरीवाले_काका

झाडांचा विषय आला म्हणून लिहितो, तळेगावला माझी छोटी नर्सरी आहे. मॉन्स्टेरा मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातला. आणि आपण ज्याला मनीप्लांट म्हणतो तो मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरेआ बेटाचा. म्हणजे वेंगुर्ल्यातही तो पाहुणाच आहे, फक्त त्याने घर बळकावलं.

झाडांच्या कॅफेत गेलात तर एक गंमत करा, पानाला हात लावून बघा. निम्म्या ठिकाणी प्लास्टिक असतं, खिडकीजवळची दोन झाडं तेवढी खरी आणि आतल्या कोपऱ्यातली सगळी खोटी. त्यात त्यांचा तरी काय दोष म्हणा, आपल्याला लख्ख वाटतो तो खोलीतला उजेड झाडाला उपासमारीचा असतो, खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलं की संपलंच. आणि भिंतभर हिरवं शेवाळ लावलेलं दिसतं ना, ते बहुतेक वेळा जिवंत नसतं, ग्लिसरीनमध्ये मुरवून टिकवलेलं असतं. त्याला पाणी लागत नाही, उलट पाणी मारलं तर खराब होतं.

म्हणून पारिजातकताई म्हणतात तो काचघराचा प्रकार वेगळा. ते झाडांसाठीच बांधलेलं असतं, माणसं नंतर आली. उजेड वरून पडतो, त्यामुळे झाड सगळ्या बाजूंनी भरतं. कॅफेत नंतर कुंड्या आणून ठेवल्या की महिन्याभरात सगळी झाडं खिडकीकडे माना वळवून बसतात, कधी निरखून बघा.

उनाड_पाऊल

बालीचा पुरावा मागितलाय ना, घ्या. पण तो तुमच्याच बाजूचा निघाला :(

उबुडजवळ एक फार फेमस झालेला कॅफे, नाव नाही लिहीत. रीलमध्ये बघितलं होतं तेव्हा वाटलं जंगलात बसून खातायत, प्रत्यक्षात सकाळी साडेदहाला पोचलो तर तीस बत्तीस डिग्री, एसी नाही कारण सगळं उघडं, पंखा आमच्या टेबलाकडे वळायचा आणि लगेच रुसल्यासारखा परत फिरायचा, डास टेबलाखालून पायाला, आणि वेटर येऊन विचारतोय की झोपाळ्यावर फोटो हवा असेल तर त्याचं वेगळं तिकीट. स्मूदी बोल आला तोपर्यंत त्याचं सरबत झालेलं. नवरा म्हणाला, याच्यापेक्षा आपण रस्त्यावर गाडो गाडो खाल्लं ते बरं होतं. आणि खरंच होतं ते बरं, उकडलेल्या भाज्या, टोफू, वर शेंगदाण्याची चटणी, पोटभर.

गंमत म्हणजे तिथून दहा मिनिटं चाललं की भाताची शेतं होती, फुकट, वारा सुटलेला. झाडंच बघायची तर ती बघा ना.

डोंबिवली_फास्ट_लोकल

थांबा थांबा, सिंगापूरला एका फटक्यात बाद करू नका. डेम्पसी हिलच्या बाजूला हार्डिंग रोडवर पीएस कॅफे आहे, आजूबाजूला मोठी जुनी झाडं आणि मध्ये काचेच्या भिंतींची खोली. झाडं बाहेर, आपण आत एसीत. मला वाटतं गरम देशात हेच गणित बरोबर आहे, झाडं काचेपलीकडे ठेवायची. थंड देशात झाडं आणि माणसं दोघं काचेच्या आत. बाकी खर्चाबद्दल बोलायचं नाही, सिंगापूर आहे ते.

पारिजातक_म्युनिक

@डोंबिवली_फास्ट_लोकल हे मान्य, एकदम मान्य. माझं वाक्य दुरुस्त: गरम देशात झाडं काचेपलीकडे असतील तरच.

सुगरण_साठे

मला सगळ्यात महत्त्वाचं कोणीच सांगत नाहीये. अंडं न खाणाऱ्या माणसाने ब्रंचला खायचं काय? माझ्या सासूबाई येणार आहेत मे महिन्यात, प्राग आणि व्हिएन्ना करायचंय. एवढं झाडाखाली बसून पाव आणि जॅमच खायचा का?

डॅन्यूबकाठचा_देशपांडे

मी व्हिएन्नातच राहतो, मला उशीर झाला धाग्यावर यायला. आधी एक मोठा घोळ टाळतो. व्हिएन्नात पाल्मेनहाउस दोन आहेत! एक बर्गगार्टनमधलं, ज्याबद्दल धागा आहे, तिथे कॅफे आहे. दुसरं शोनब्रुन राजवाड्याच्या बागेतलं, १८८२ चं, ते तिकीट काढून झाडं बघायचं आहे. मॅपवर नुसतं नाव टाकून लोक मेट्रोने शोनब्रुनला जातात आणि मग फोन करतात की अरे टेबल कुठेत. बर्गगार्टनसाठी ऑपेरापाशी उतरा आणि आल्बर्टिना म्युझियमच्या मागून चालत या, किंवा रिंग, म्हणजे जुन्या शहराभोवतीचा गोल रस्ता, त्यावरच्या ट्रामने बुर्गरिंग स्टॉप. मोत्सार्टचा पुतळा दिसला की बाग आली.

आता सुगरण_साठे, सासूबाईंसाठी. ऑस्ट्रियात मेन्यूकार्डावर पदार्थाच्या पुढे बारीक अक्षरं छापलेली दिसतात, ए, सी, जी अशी. ती अ‍ॅलर्जीसाठीची आहेत, २०१४ च्या शेवटी युरोपात नियम आला तेव्हापासून. आपल्या कामाचं अक्षर सी, सी म्हणजे अंडं. जी म्हणजे दूध, ए म्हणजे गहू वगैरे, डी म्हणजे मासे. सी नसलेला पदार्थ शोधायचा, वेटरशी हुज्जत घालायची गरज नाही. आमच्याकडे पाहुणे आले की मी आधी हीच शिकवणी घेतो. मात्र मांसासाठी अक्षर नाही हे लक्षात ठेवा, ते वाचून किंवा विचारूनच कळतं.

खाऊ शकतील असं: श्निटलाउखब्रोट, म्हणजे काळसर ब्रेडवर लोणी आणि वर चिवची बारीक चिरलेली पात भरभरून, कांद्याच्या पातीची धाकटी बहीण समजा. लिप्टाउअर, म्हणजे लाल तिखट घातलेलं चीजचं सारण, ब्रेडला लावून. भोपळ्याच्या बियांचं गडद हिरवं तेल घातलेलं काही मिळालं तर जरूर घ्या, ती स्टायरिया प्रांताची खासियत आहे. आणि टोपफेन, जवळजवळ आपला चक्काच. पण टोपफेनच्या गोड पदार्थांत अंडं असतं बऱ्याचदा, सी बघा.

फसवा पदार्थ एकच सांगतो, फ्रिटाटेनझुपे. दिसायला पॅनकेकच्या पट्ट्या टाकलेलं पिवळसर सूप, आपल्याला वाटतं बिनधास्त शाकाहारी. ते गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं. पट्ट्यांत अंडं वेगळंच.

सुगरण_साठे

देशपांडे, तुम्हाला साष्टांग नमस्कार. सी अक्षराचा स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी लगेच उत्तर दिलं, "मी चष्मा दोन नेते."

शांत_कोपरा

मला एक कळत नाही. झाडं, उजेड, सगळं ठीक आहे पण तिथे बोलता येतं का? काचेच्या उंच खोलीत आवाज किती घुमतो. माझे वडील कानाला मशीन लावतात, लंडनला एका काचेच्या छताच्या ठिकाणी नेलं होतं तर पाच मिनिटांत मशीन काढून खिशात ठेवलं, म्हणाले तुम्ही बोला मी झाडं बघतो. कॉफीमशीनचा आवाज, खुर्च्या ओढायचा आवाज, शेजारच्या टेबलावर वाढदिवस. कोणी याबद्दल लिहीत नाही.

पारिजातक_म्युनिक

हे अगदी खरं आहे. काच आणि फरशी दोन्ही आवाज परत फेकतात, झाडं थोडा खातात पण फार नाही. आम्ही आठवड्यातल्या वारी गेलो होतो म्हणून शांत होतं. शनिवार-रविवारी ब्रंचला कुठेही हीच रड. ज्येष्ठांना न्यायचं असेल तर मंगळवार-बुधवार आणि भिंतीकडचं टेबल.

टेम्सकाठी_भिजलेला

लंडनवाल्यांची बाजू. रिचमंडजवळ पीटरशॅम नर्सरीज आहे, खरोखरीची नर्सरी, कुंड्या आणि रोपं विकतात, आणि काचघरातच टेबलं मांडलेली. पायाखाली फरशी नाही, माती! त्यामुळे शांत_कोपरा यांचा आवाजाचा प्रश्न तिथे जरा कमी. खुर्च्या सगळ्या वेगवेगळ्या, वर चमेलीसारखे वेल. २०११ साली या मातीच्या जमिनीवरच्या कॅफेला मिशेलिन स्टार मिळाला होता, तेव्हाची शेफ स्काय गिंगेल. पुढे तिनेच सांगितलं की स्टार म्हणजे शापच झाला, कारण लोक पांढरे टेबलक्लॉथ आणि कडक इस्त्रीची सर्व्हिस शोधत यायला लागले आणि चपला चिखलात भरल्या म्हणून तक्रारी. पुढच्या वर्षी ती तिथलं काम सोडून गेली.

रेस्टॉरंट महाग आहे, भयंकर. पण बाजूला टीहाउस आहे, तिथे केक, चहा, साधं खाणं मिळतं आणि झाडं तीच. रिचमंड स्टेशनवरून नदीकाठाने चालत जा, अर्धा तास लागतो, वाटेत कुरणात गायी चरत असतात. लंडनमध्ये गायी! आईला गायी जास्त आवडल्या, कॅफेचं तिने काही विशेष सांगितलं नाही.

वेंगुर्ल्याचो_झील

मातीच्या जमिनीला स्टार मिळतो होय? शेणाने सारवलं तर दोन देतील काय रे?

टेम्सकाठी_भिजलेला

तू उघड वेंगुर्ल्यात, मी पहिला गिऱ्हाईक.

स्वीडनची_सून

स्टॉकहोमचं रोझेनडाल्स ट्रेडगोर्ड लिहितेच. युरगोर्डन बेटावर आहे, ७ नंबरची ट्राम जाते. बायोडायनॅमिक पद्धतीची, म्हणजे रासायनिक खतं न घालता केलेली भाजीची आणि फुलांची बाग, स्वतःची बेकरी, आणि काचघरात कॅफे. ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, आपणच उचलून आणायचं, वेटरबिटर नाही. माझं म्हणणं असं की पारिजातकच्या थंडीच्या नियमाला हा अपवाद आहे. उन्हाळ्यात सगळे बाहेर सफरचंदाच्या बागेत गवतावर ट्रे घेऊन पसरतात आणि तेव्हा काचघर रिकामं, ते जास्त छान.

सूप बहुतेक भाज्यांचं असतं पण विचारून घ्या. वेलदोड्याचा बन घ्या. वेलदोडा आपला, पण घालतात स्वीडिश लोक आपल्यापेक्षा सढळ हाताने. लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्यांनी दिला तेव्हा मला वाटलं माझ्यासाठी मुद्दाम केलाय :D

आणि हो, जागा खूप लोकप्रिय आहे म्हणून मुलांना भूक लागायच्या आधी पोचा, भूक लागल्यावर नाही.

उनाड_पाऊल

अ‍ॅमस्टरडॅमच्या डी कासला कोणी गेलंय का? पुढच्या महिन्यात जातोय. ब्रंच मिळतो का तिथे?

स्वीडनची_सून

गेलेय. ते १९२६ चं काचघर, शहराच्या महापालिकेच्या नर्सरीचं. पाडायला निघाले होते, एका शेफने घेतलं आणि २००१ ला रेस्टॉरंट काढलं, फ्रँकेंडाल पार्कमध्ये. पण ब्रंचचं ठिकाण नाही, दुपारचं आणि रात्रीचं जेवण, ठरलेला मेन्यू, भाज्यांवर भर. आधी बुक करा आणि शाकाहारी असाल तर बुक करतानाच लिहा. नुसती कॉफी आणि झाडं हवी असतील तर बोटॅनिकल गार्डनमध्ये जा, हॉर्टस, १६३८ ची बाग आहे, तिथल्या जुन्या ऑरेंजरीत कॅफे आहे. म्हणजे जिथे पूर्वी हिवाळ्यात संत्र्यालिंबाची झाडं आत आणून ठेवायचे ती खोली.

टोकियोत_तूर्तास

जपानचं एक टाकतो आणि पळतो. आओयामा फ्लॉवर मार्केट टी हाउस, मिनामी आओयामामधलं. फुलांच्या दुकानातून आत जायचं, आत फुलांच्या मधोमध टेबलं, हर्बल चहा, फुलं लावलेला फ्रेंच टोस्ट. रांग असते आणि लोक निमूटपणे उभे राहतात. माझ्या बायकोला प्रचंड आवडलं. मला फुलं खायची असतात की बाजूला काढायची हे शेवटपर्यंत कळलं नाही, मी शेजारच्या टेबलावर बघत बघत खाल्लं. पोट भरत नाही, नंतर बाहेर येऊन ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, खाल्लीच.

झुंबर

खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या आयांनी तिथल्या झाडाची फांदी पर्समध्ये टाकली? माझ्या आईने डोळा ठेवला होता एका बिगोनियावर, मी हात धरून बाहेर आणलं.

नर्सरीवाले_काका

अहो नका आणू! हसण्यावारी नेऊ नका. भारतात झाडं, रोपं, कटिंग आणायला इम्पोर्ट परमिट आणि त्या देशाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे झाडाला कीड-रोग नसल्याचा दाखला, लागतं, २००३ ची प्लांट क्वारंटाइन ऑर्डर आहे. एका फांदीबरोबर कोणती कीड, कोणती बुरशी येईल सांगता येत नाही आणि मग भोगतो शेतकरी.

उलट दिशेनेही तेच. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाने सोबत नेलेल्या ताज्या वनस्पती, फळं, भाज्या, फुलं यांना सर्टिफिकेट लागतं. सूट फक्त पाच फळांना, अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. म्हणजे लेकीला द्यायला डब्यात भरलेला ताजा कढीपत्ता बसत नाही त्यात. आंबाही नाही.

पारिजातक_म्युनिक

काका, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणते नारळ चालतो ना, मग पुढच्या वेळी नारळ.

शांत_कोपरा

फुलपाखरांच्या घराबद्दल कोणी लिहिलं नाही. ब्रंचच्या आधी करायचं की नंतर? आणि वडिलांना दमट हवेचा त्रास होईल का?

डॅन्यूबकाठचा_देशपांडे

तिकीट वेगळं आहे, कॅफेशी संबंध नाही. आत चांगलंच गरम आणि दमट असतं, मुंबईचा जूनचा पहिला आठवडा. थंडीत बाहेरून थेट आत गेलात तर चष्मा आणि कॅमेऱ्याची काच दोन्ही धुक्याने भरतात, पाच-दहा मिनिटं काही दिसत नाही. म्हणून आधी कॅफेत बसा, सगळं ऊबदार होऊ द्या, मग तिकडे. वडिलांना दम्याचा त्रास असेल तर ते कॅफेतच थांबू देत, अर्धा तास पुरतो तेवढ्यात तुमचं होतं. जाड कोट हातात धरावा लागतो ते वेगळं.

आणि दोन किरकोळ गोष्टी. व्हिएन्नाच्या कॅफेत कॉफीबरोबर छोट्या ट्रेवर पाण्याचा ग्लास येतो, तो नळाचाच असतो आणि बिनधास्त प्या, १८७३ पासून शहराला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी कालव्याने येतं, पंप न लावता उतारावर. बाटलीबंद मागून पैसे घालवू नका. टीप म्हणजे बिलाचा आकडा वर गोल करायचा, पाच-दहा टक्के, टेबलावर ठेवून जायची नाही. पैसे देतानाच एकूण किती घ्या ते सांगायचं. सदतीस असेल तर "चाळीस" म्हणा, झालं.

सुगरण_साठे

मे महिन्यात जायचंय हो पण, थंडी नसेल. पारिजातकच्या नियमाने आम्ही जाऊच नये का मग?

पारिजातक_म्युनिक

जा की! मेमध्ये बाहेर गच्चीवर बसतात सगळे, समोर बागेतली हिरवळ आणि लोक लोळत असतात. फक्त आतल्या झाडांसाठी म्हणून जाऊ नका, बाहेर तीच मजा असेल. आणि मे म्हणजे कोवळ्या कोंबांच्या भाजीचा, म्हणजे पांढऱ्या ॲस्परॅगसचा मोसम, जून संपेपर्यंत सगळ्या मेन्यूंवर तोच. सॉस वेगळा मागा, त्यावर घालतात त्या हॉलंडेझ सॉसमध्ये अंडं असतं. नुसतं वितळलेलं लोणी घालून द्या म्हणायचं, देतात.

सुगरण_साठे

ठरलं. गच्ची, बुधवार, ॲस्परॅगस लोणी घालून. देशपांडे, सकाळी किती वाजेपर्यंत टेबल मिळतं बिनबुकिंगचं?

डॅन्यूबकाठचा_देशपांडे

बुधवार असेल तर अकराच्या आत या, वेळा मोसमाप्रमाणे बदलतात त्या आदल्या दिवशी साइटवर बघून घ्या. तारीख कळवा, मी ऑफिसमधून सटकून येतो, जवळच आहे. सासूबाईंना म्हणावं भाकरीचं पीठ आणलं तरी चालेल, पीठ ताज्या पानात मोडत नाही.

वेंगुर्ल्याचो_झील

देशपांडेनु, पीठ आलं की कळवा, चुलीवर थापूक मी येतंय. तिकीट कोण काढतलो?